आवडत्या माणसाचे बिल सर्वांत शेवटी निघते

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी करतो. ऑफिसात सगळ्यांचा आवडता आहे, कोणाशी वाद नाही, कोणाला नाही म्हणत नाही. घरचे म्हणतात की स्वभाव चांगला असला की बढती आणि पैसा आपोआप मागे येतो. मला तसा अनुभव येत नाही. लोकांना आवडण्याने खरोखर करिअर घडते का?"

तुमच्या घरच्यांचे हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आले आहे, त्यामुळे मी हे उत्तर तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. माझे मत आधीच सांगून टाकते. लोकांना आवडण्याने काम मिळते, ओळखी होतात, अडचणीच्या वेळी माणसे धावून येतात. पैसा मात्र मागणाऱ्याला मिळतो. आवडता माणूस मागत नाही, कारण मागितले तर आपण आवडेनासे होऊ अशी भीती त्याच्या मनात असते, आणि समोरच्यालाही ती भीती नेमकी ठाऊक असते.

मी भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी केली आणि तेथूनच निवृत्त झाले. पुरवठादारांची देणी कोणत्या क्रमाने दिली जातात हे ज्याने आतून पाहिले आहे, त्याला स्वभाव आणि पैसा यांच्या नात्यावर वेगळे व्याख्यान ऐकावे लागत नाही. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, १५ तारखेला प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कामगारांचे पगार, विजेचे बिल, ही देणी टळत नाहीत, कारण ती टाळली तर दंड होतो किंवा कारखान्यात अंधार होतो. त्यानंतर पोलाद पुरवणाऱ्याचा क्रमांक लागतो, कारण त्याने माल थांबवला तर दुसऱ्या दिवशी मशीन थांबते. एवढे झाल्यावर खात्यात जे काही उरेल त्यातून शनिवारी कोणाचे चेक काढायचे, याची यादी साहेब माझ्याकडे मागत. यादीवरून पेन फिरवताना त्यांचा हात कोठे थांबतो आणि कोठून पुढे सरकतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. जो दारात येऊन उभा राही, आवाज चढवी, "सोमवारपासून माल बंद" असे सांगून जाई, त्याच्या नावापुढे खूण होई. ज्याच्याविषयी सगळ्या ऑफिसचे मत उत्तम, जो फोनवर "तुमच्या सोयीने द्या" असे म्हणे, त्याच्या नावाशी आल्यावर साहेब हसून म्हणत, "हे काय, आपलेच आहेत, पुढच्या शनिवारी बघू." यात दुष्टपणा मुळीच नव्हता. साहेबांना तो माणूस मनापासून आवडत असे, आणि म्हणूनच त्याचे बिल खाली सरकत असे.

दादा दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच यादीत तळाला होता. त्याचाही गाळा भोसरीतच होता. दोन लेथ, एक मिलिंग, पुढे कर्ज काढून घेतलेले एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे मशीन. चिंचवडच्या एका कंपनीसाठी तो बुश आणि पिन अशा छोट्या सुट्या भागांचे जॉबवर्क करीत असे. कागदोपत्री उद्योग वहिनींच्या नावावर होता, त्याला पुढे महत्त्व आले म्हणून आताच सांगून ठेवते. दादाइतका लोकप्रिय माणूस मी आमच्या नात्यात पाहिलेला नाही. त्या कंपनीच्या परचेस विभागातील मुले येता-जाता त्याच्या गाळ्यावर चहाला थांबत. कोणाच्या मुलीचा प्रवेश, कोणाच्या वडिलांचे ऑपरेशन, सगळे दादाला माहीत. रविवारी तातडीचे काम निघाले की पहिला फोन दादाला, कारण तो नाही म्हणणार नाही याची सर्वांना खात्री. मात्र पगार, इन्सर्ट (धातू कापणारी पाती) आणि विजेचे दर दरवर्षी वाढत असताना त्याचा नगामागचा दर वर्षानुवर्षे तोच राहिला. त्याच्या शेजारच्या गाळ्यातले गृहस्थ तोंडाने अतिशय फटकळ होते, परचेसची मुले त्यांच्याकडे पाण्यालाही थांबत नसत, पण दरवर्षी एप्रिलमध्ये ते खर्चाचा तक्ता घेऊन कंपनीत जात आणि दर वाढवून घेऊनच परत येत. दादा त्यांच्याबद्दल म्हणे, "पैसा मिळवला त्यांनी, पण माणसं नाही मिळवली." हे वाक्य उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, त्याचा मला आजही राग येतो.

२००८ च्या अखेरीस ट्रकची मागणी कोसळली. पिंपरी-चिंचवडमधील मोठ्या कारखान्यांत ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे उत्पादन काही काही दिवस पूर्ण बंद राहू लागले, आणि त्याची झळ महिन्याभरातच छोट्या गाळ्यांपर्यंत पोहोचली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. दादाचे नवे काम तर थांबलेच, पण जुने पैसेही अडकले. पुढच्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्याच्याकडे गेले, तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितले की सीएनसीचा हप्ता थकला आहे आणि बँकेतून फोन येऊ लागले आहेत. मी दादाचे खाते मागून घेतले. सहा महिन्यांपेक्षा जुनी बिले त्यात तशीच पडून होती. माल पाठवल्याचे चलन आहे, माल मिळाल्याची नोंद आहे, रिजेक्शन जवळजवळ नाही, आणि पैसे नाहीत.

"मागितलेस का हे?" मी विचारले.

"सांगितलंय त्यांना. त्यांचीही अडचण आहे गं."

"सांगितलंस म्हणजे काय? लिहून दिलंस?"

"आपल्या माणसांना असं लिहून देत नाहीत."

त्या आपल्या माणसांनी त्याच महिन्यात शेजारच्या फटकळ गृहस्थांचे बरेचसे पैसे चुकते केले होते, हे दादाला ठाऊक होते. त्याचे स्पष्टीकरण असे की ते गृहस्थ तमाशा करतात म्हणून त्यांना द्यावेच लागतात. आपण समजूतदार आहोत म्हणून आपल्याला थांबायला सांगतात, म्हणजे एका परीने हा आपला मानच आहे. मी हिशेबाच्या क्षेत्रात आयुष्य काढले, पण मानाची रक्कम कोणत्या खात्यात जमा करावी हे मला आजवर कोणी दाखवलेले नाही.

कायदा दादाच्या बाजूने होता. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसंबंधीचा २००६ चा कायदा तोवर लागू होऊन दोन वर्षे उलटली होती. त्यातील कलम १५ प्रमाणे लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत, खरेदीदार कितीही मोठा असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. कलम १६ प्रमाणे त्यापुढच्या दिरंगाईला बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, द्यावे लागते. बँक दर म्हणजे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला व्याजदर; तो त्या वेळी ६ टक्के होता, म्हणजे व्याज १८ टक्के. अशी थकलेली देणी कंपनीला वार्षिक हिशेबपत्रकात दाखवावी लागतात, आणि या कायद्याखाली थकबाकी मागणारे पत्र ऑडिटरच्या हाती लागले की परचेसवाल्यांच्या गोड बोलण्याचा उपयोग राहत नाही. मी स्वतः अकाउंट्समध्ये असल्याने असे पत्र आल्यावर टेबलाच्या पलीकडे काय धावपळ होते ते मला चांगले ठाऊक होते. या कायद्याचा लाभ घेण्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात उद्योगाची नोंद असणे आवश्यक होते. ती वहिनींनी कधीच करून ठेवली होती. दादाला त्याचा पत्ताही नव्हता.

मी पत्राचा मसुदा केला. दादा म्हणाला, "मी सही करणार नाही, माणसं तुटतील." वहिनींनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमची सही लागतच नाही. मालक मी आहे." पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेले. पुढचे काही दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. परचेसच्या एका मुलाने त्याला फोन करून "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" असे म्हटले आणि दादाने ते इतके मनाला लावून घेतले की तो दोन वेळा जेवला नाही. पैसे मात्र आले. हप्त्याहप्त्याने आले, पण मुद्दल पूर्ण आले आणि सीएनसी वाचले. व्याज आले नाही, कारण ते मागू नये म्हणून दादाने वहिनींना शपथ घातली.

त्यानंतर काही महिने त्या कंपनीने त्याला काम दिले नाही, आणि पुढे मागणी वाढल्यावर पुन्हा द्यायला सुरुवात केली. येथूनच आमच्या वादाला तोंड फुटले, तो आजतागायत चालू आहे. दादाचे म्हणणे असे की पत्राने बिघडवलेले त्याच्या जुन्या संबंधांनी सावरले, म्हणून काम परत आले. माझे म्हणणे असे की काम परत आले ते त्याचे नग नापास होत नसत म्हणून; संबंधांनी काम परत येत असते तर ते थांबलेच नसते. पत्रानंतर त्या कंपनीने त्याची बिले पुन्हा कधी तितकी लांबवली नाहीत, हा मुद्दा मी काढला की दादा चहा सांगायला उठतो.

याच स्वभावाचा दुसरा खर्च थोडक्यात सांगते. एका जुन्या कामगाराच्या पतसंस्थेच्या कर्जाला दादा जामीन राहिला. कामगार हप्ते भरेनासा झाला आणि गावी निघून गेला. पतसंस्थेने दादाला गाठले, कारण त्याला गाठणे सोपे होते. दादाला वाटत होते की आधी कर्जदाराकडून वसुली होईल आणि काही उरलेच तर आपल्यावर येईल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे तुम्ही सही करता तेव्हा मैत्री निभावत नसता, कर्ज घेत असता, फक्त पैसे दुसऱ्याच्या हातात जातात. हे कर्ज दादाने निमूटपणे फेडले आणि त्याबद्दलही त्याला कोणी नावे ठेवली नाहीत, सगळ्यांनी कौतुकच केले.

आता तुमच्या आयटीकडे वळते. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, हिंजवडीत एका कंपनीच्या एचआर विभागात आहे आणि वडिलांच्या तत्त्वज्ञानावर तिचा माझ्याइतकाच विश्वास आहे. तिच्याकडून जे कळले ते माझ्या शनिवारच्या यादीपेक्षा निराळे नाही. प्रत्येक मॅनेजरकडे पगारवाढीसाठी ठरावीक रक्कम येते. एकाला जास्त दिले तर दुसऱ्याला कमी द्यावे लागते. अशा वेळी तो आधी विचार करतो की कोण सोडून जाईल. ज्याच्या हातात बाहेरची ऑफर आहे किंवा जो वर्षभर आपल्या कामाचा हिशेब तोंडावर मांडत आला आहे, त्याच्याकडे रक्कम झुकते. जो कधीच तक्रार करत नाही, त्याच्याविषयी मॅनेजर छान शब्द लिहितो. अप्रेझलच्या कागदावर सर्वांत सुंदर मजकूर आणि सर्वसाधारण वाढ एकाच माणसाला मिळालेली तुम्ही पाहिली असेल. बहुधा तो कागद तुमच्याच ड्रॉवरमध्ये असेल.

भाचीने मला दोन अभ्यास वाचायला दिले आणि ते मी दादालाही वाचून दाखवले. तिझियाना कॅशियारो आणि मिगेल सौसा लोबो यांनी २००५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिले की सोबत काम करायला माणूस निवडताना लोक कौशल्याला महत्त्व देतो असे म्हणतात, पण प्रत्यक्षात कौशल्य थोडे कमी असले तरी आवडणाऱ्या माणसाकडेच जातात. हे ऐकून दादा खूश झाला. दुसरा अभ्यास टिमथी जज, बेथ लिव्हिंग्स्टन आणि शार्लिस हर्स्ट यांचा, २०१२ चा. त्यात असे दिसले की फार जुळवून घेणाऱ्या माणसांची कमाई कमी जुळवून घेणाऱ्यांपेक्षा कमी असते, आणि हा फरक पुरुषांमध्ये अधिक ठळक असतो. हे वाचून झाल्यावर दादाने विचारले की हे लोक अमेरिकेतले ना, भोसरीत कधी आले होते का. मला तर हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे वाटतात: काम आवडत्या माणसाकडे जाते आणि पैसा दुसरीकडे. रविवारचा फोन दादाला येई, दरवाढ शेजारच्या गाळ्यात जाई.

काही वाचक आता उलट टोकाला जाऊन राहुल बजाज यांचे उदाहरण देतील. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतील एका समारंभात त्यांनी गृहमंत्री अमित शहा समोर असताना, सरकारवर टीका करायला उद्योगपती घाबरतात असे उघडपणे सुनावले होते. स्पष्टवक्तेपणाबद्दल मला आदर आहे. पण ते मालक होते, आणि त्यांच्या चेतक स्कूटरसाठी एके काळी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत होते. दारात रांग असलेल्या माणसाला स्पष्ट बोलणे परवडते. दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्या आपल्या पुणेरी दुकानदारांचेही तेच आहे. त्यांचा तुसडेपणा खपला तो मालाच्या जोरावर आणि बहुधा दुकानाची जागा स्वतःची होती म्हणून. तुम्ही पगारदार आहात, तेव्हा मॅनेजरशी उद्धटपणे बोलून बघण्याचा प्रयोग माझ्या नावावर करू नये.

स्त्रियांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे, हेही नोंदवून ठेवते. मी बिलांतील चुका दाखवून माल परत पाठवायला लावत असे, तेव्हा मला खडूस म्हणत. माझ्यानंतर त्याच खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांनी तेच केले, तेव्हा ते शिस्तीचे ठरले. मला त्या नावाचा विशेष त्रास झाला नाही, पण एखाद्या नव्या मुलीला कोणी "जरा कडक हो" असा सल्ला देत असेल तर त्याने तिच्यावर काय नाव पडेल तेही सांगावे.

काही गोष्टी दादाच्या बाजूने मांडल्याच पाहिजेत, नाहीतर भाचीच मला पक्षपाती म्हणेल. ते दोन्ही अभ्यास परदेशातील आहेत, आणि जुळवून घेण्याचा स्वभाव म्हणजे लोकप्रियता असे सरळ समीकरण मांडता येत नाही. कितीतरी माणसे व्यवहारात कडक असूनही सर्वांची आवडती असतात. विमा, जागांचे व्यवहार, केटरिंग अशा धंद्यांत गिऱ्हाईक माणूस पाहूनच येते, तेथे गोड स्वभाव हेच भांडवल आहे. नोकरीच्या सुरुवातीला ओळखीचा उपयोग होतो, तो कोणी नाकारू नये. दादाला पहिली ऑर्डर मित्राच्या शब्दावरच मिळाली होती. त्या ब्लॉक क्लोजरच्या काळात पगार उशिरा होऊनही त्याचा एकही कामगार सोडून गेला नाही, आणि एका लेथची मोटर जळाली तेव्हा त्याच फटकळ शेजाऱ्याने आपले मशीन रात्रभर वापरू दिले. त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी विजेचे पैसे मागून घेतले, आणि दादाने ते आनंदाने दिले.

तुम्ही काय करावे, हे विचारले आहे म्हणून सांगते. स्वभाव बदलू नका, तो बदलणारही नाही. फक्त तोंडी होकार देण्याची सवय सोडा. जास्तीचे काम घेतले की त्याच दिवशी ईमेल करा: हे काम मी घेत आहे, त्यामुळे अमुक काम इतके दिवस पुढे जाईल. अप्रेझलच्या आधी, पगारवाढीची रक्कम वाटली जाण्यापूर्वी, वर्षभरात काय केले ते एका पानावर लिहून द्या आणि तुम्हाला किती वाढ हवी आहे तो आकडा त्यात घाला. आकडा न घालता केलेली मागणी साहेबांच्या यादीत पुढच्या शनिवारवर जाते. बाहेर तुमच्या कामाला काय भाव आहे हे वर्षातून एकदा मुलाखत देऊन बघा, जायचे नसले तरी. आणि "तू आपल्या घरचा आहेस" असे कोणी म्हणाले की हसून त्याच वेळी विचारा, "मग माझे कधी होईल?"

भाची हे उत्तर दादाला वाचून दाखवणारच आहे. त्याला याखाली प्रतिवाद करायचा असेल तर त्याने जरूर करावा, पण त्याआधी त्या वर्षी सोडून दिलेले व्याज १८ टक्क्यांनी, मासिक चक्रवाढीसह, मांडून आणावे. आकडेमोड जमत नसेल तर वहिनींना विचारावे; त्यांनी ती तेव्हाच करून ठेवली आहे.